जुन्या छोट्या उभ्या पियानोचं वय कसं काढायचं

झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं नाव ही जुन्या पियानोवरची सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याने बनवलेल्या वाद्यावर स्वतःचं नाव रंगवून विकणारे दुकानदार भरपूर होते. लाकडाला पुन्हा पॉलिश होतं, मेणबत्त्यांचे पितळी हात मागाहून बसवता येतात, तारा आणि हातोड्यांचं फेल्ट झिजलं की बदललं जातं. सांगाडा मात्र सहसा बदलत नाही. तारा कुठून कुठे जातात, त्यांना धरणारी चौकट लाकडाची आहे की बिडाची, डॅम्पर, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे, हातोड्यांच्या वर आहेत की खाली, वाजवायच्या पट्ट्या किती आहेत, हे पाहायचं. छोटा उभा पियानो कसकसा घडत गेला ते याच गोष्टींतून वाचता येतं.

वाचताना एक नियम पाळायचा. प्रत्येक खूण फक्त खालची मर्यादा सांगते, म्हणजे "हे वाद्य अमुक सालाच्या आधीचं नाही" एवढंच. वरची मर्यादा क्वचितच मिळते, कारण स्वस्त वाद्यं बनवणारे कारखाने जुनी रचना पुढे कित्येक दशकं तशीच वापरत राहिले. शंभर वर्षांपूर्वीची दिसणारी ॲक्शन, म्हणजे पट्टी दाबल्यावर हातोडी हलवणारी यंत्रणा, प्रत्यक्षात साठ वर्षांपूर्वी बनलेली असू शकते.

उघडण्याआधी

मोजपट्टी, टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, मऊ ब्रश, स्क्रू ठेवायला वाटी आणि तोंडाला मास्क एवढं पुरे. फेल्टमधली कसर आणि दशकांची धूळ नाकात गेली की दिवसभर शिंका येतात. लोहचुंबक दोन कामांसाठी लागतो. सोनेरी रंग दिलेलं लाकूड आणि बीड नजरेला सारखंच दिसतं, आणि जुन्या पितळी तारा मळल्यावर लोखंडी तारांसारख्या दिसतात. खर्जाच्या तारांवर तांब्याचा वेढा असतो, तिथे चुंबक वेढ्याला नव्हे, टोकाला उघड्या राहिलेल्या गाभ्याला लावा.

पियानो भिंतीपासून ओढायचा असेल तर दोघं लागतात. वजन बहुतेक मागच्या बाजूला असतं, त्यामुळे चाक फटीत अडकलं की वाद्य मागे कलंडतं. एकाने मागच्या बाजूला हात ठेवून थांबायचं, दुसऱ्याने सावकाश सरकवायचं. उचलायचं नाही.

वरचं झाकण मागे टाका. आतल्या दोन्ही कोपऱ्यांत लाकडी किंवा धातूच्या फिरक्या दिसतील, त्या फिरवल्या की समोरची वरची फळी पुढे झुकते. ती दोन्ही हातांनी धरून वर उचलून काढा. खालची फळी, पट्ट्या ज्यावर टेकतात त्या आडव्या फळीखाली बसवलेल्या पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर अडकलेली असते. स्प्रिंग वर दाबली की फळी सुटते. आता जसं आहे तसं फोटो काढून घ्या, मगच ब्रश लावा. पट्ट्यांवर किंवा हातोड्यांवर पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर ते पुसलं जाता कामा नये.

आधी तारांचं खालचं टोक शोधा

फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास केलेला पियानो आडवा होता. जागा वाचवण्यासाठी तो उभा करायची कल्पना लवकरच आली. दोमेनिको देल मेलाचा १७३९ चा उभा पियानो आजही टिकून आहे. गेरा गावच्या क्रिस्टियान अर्न्स्ट फ्रीडेरिचीने १७४५ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचा केला. लंडनच्या विल्यम स्टोडार्टने १७९५ मध्ये पुस्तकांच्या कपाटासारख्या उभ्या ग्रँडचं पेटंट घेतलं. या घराण्यात एकच गोम होती. वाद्य उभं केलं, पण ते स्टँडवर ठेवलं. तारा पट्ट्यांच्या उंचीपासून सुरू होऊन वर छताकडे जात, त्यामुळे वाद्य माणसापेक्षा उंच होई आणि पट्ट्यांखालची सगळी जागा रिकामी राही.

ही रिकामी जागा १८०० मध्ये दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वापरली. फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्सने आणि व्हिएन्नात माटियास म्युलरने तारा पट्ट्यांच्या मागून थेट जमिनीपर्यंत खाली आणल्या. म्युलरने आपल्या वाद्याला 'डिटानाक्लासिस' असं जड नाव दिलं होतं. हॉकिन्सचा पियानो सुमारे १.४ मीटर उंच होता, पट्ट्यांचा भाग दुमडून आत जाई आणि उचलायला बाजूंना कड्या होत्या. चौकटीत त्याने लोखंडही वापरलं होतं. त्या वेळी अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेल्या थॉमस जेफरसननी तो लगेच विकत घेतला, पण वाद्य सुरात राहीना. कल्पना पुढची होती, कारागिरी तिला पुरी पडली नाही.

म्हणून खालची फळी काढल्यावर पहिलं काम हे: टॉर्च मारा आणि तारा कुठे संपतात ते पाहा. पायाजवळ संपत असतील तर हे १८०० नंतरचं घराणं. पट्ट्यांच्या पातळीवरच संपत असतील आणि वाद्य दोन मीटरच्या पुढे असेल तर त्याला हात लावण्याआधी संग्रहालयातल्या माणसाला बोलवा.

नुसत्या उंचीवर जाऊ नका. डब्लिनच्या विल्यम साउथवेलने १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या कॅबिनेट पियानोच्या तारा जमिनीपर्यंत जातात, तरी तो सहा फूट उंच असतो आणि समोर चुण्यांचं रेशीम ताणलेलं असतं. खऱ्या अर्थाने छोटा पियानो घराघरांत नेला लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने. १८११ मध्ये त्याने तिरप्या तारांचा बुटका पियानो केला आणि १८१३ मध्ये सरळ उभ्या तारांचा. 'कॉटेज पियानो' हे नाव या घराण्याला चिकटलं ते कायमचं. पॅरिसमध्ये इग्नाझ प्लेयेलच्या कारखान्याने १८१५ मध्ये याच धर्तीवरचा पियानो फ्रान्समध्ये आणला आणि तो 'पियानिनो' म्हणून ओळखला जाऊ लागला. शोपँने १८३९ च्या सुरुवातीला मायोर्का बेटावर वाजवला तो प्लेयेलचा पियानिनोच. त्या काळात हे वाद्य दुय्यम समजलं जात नव्हतं, हे यावरून दिसतं.

तारा सरळ, तिरप्या की फुलीत

मध्य सप्तकाच्या सा साठी, म्हणजे मिडल सी साठी, पियानोत साधारण ६२ सेंमी तार लागते. स्वर एक सप्तक खाली न्यायचा तर, जाडी आणि ताण तोच ठेवला तर, लांबी दुप्पट हवी. एक सप्तक खाली १२४ सेंमी, दोन सप्तकं खाली २४८, तीन सप्तकं खाली जवळपास पाच मीटर. छोट्या पेटीत तारेला मिळतात जेमतेम ९० सेंमी. उरलेली तूट तार जाड करून, म्हणजे तिच्यावर तांब्याचा वेढा देऊन, भरून काढावी लागते. जाड आखूड तार ताठ असते आणि तिचे वरचे स्वरांश नेमक्या पटीत पडत नाहीत, म्हणून बुटक्या पियानोचा खर्ज डबा वाजवल्यासारखा येतो. सूर लावणाऱ्याची ती चूक नसते.

लांबी वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे तार तिरपी करणं. ९० सेंमी उभ्या जागेत वरचं आणि खालचं टोक बाजूला ६० सेंमीने सरकवलं तर १०८ सेंमी तार बसते. १८ सेंमी फुकट मिळाले. दुसरा मार्ग म्हणजे खर्जाच्या तारा वेगळ्या थरात घेऊन बाकीच्या तारांवरून फुलीसारख्या ओलांडून नेणं. असं केलं की लांबी वाढते, शिवाय खर्जाची घोडी (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पातळ फळीच्या, कडेपासून दूर, मोकळेपणाने थरथरू शकणाऱ्या भागात येते. पॅरिसच्या जाँ-आंरी पापने १८२८ च्या सुमारास आपल्या बुटक्या कन्सोल पियानोत हे केलं. स्टाइनवेने १८५९ मध्ये ग्रँडसाठी फुलीच्या तारांचं अमेरिकन पेटंट घेतलं. उभ्या पियानोत ही रचना सर्रास दिसते ती त्यानंतर, आधी अमेरिकन आणि जर्मन वाद्यांत. इंग्रज कारखाने सरळ तारांचे स्वस्त पियानो विसाव्या शतकातही काढत राहिले.

इथे हमखास गफलत होते. सगळ्या तारा एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर ती नुसती तिरपी रचना. फुली म्हणायची तर खर्जाच्या तारा दुसऱ्या तारांच्या पुढून गेलेल्या दिसल्या पाहिजेत. शंका आली तर खालच्या उघड्या भागात एक कागदाचा कपटा दोन थरांमध्ये सरकवून पाहा. सरकला तर फुली.

चौकट

बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये चौकोनी पियानोसाठी एकसंध ओतीव बिडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. उभ्या पियानोत हा बदल सावकाश झाला. आधी संपूर्ण लाकूड, मग लाकडावर लोखंडी पट्ट्या आणि तारांच्या खालच्या टोकांना धातूचा पत्रा, मग खुंट्यांची फळी उघडी ठेवणारी अर्धी चौकट, आणि शेवटी वरपासून खालपर्यंत पूर्ण बीड. चुंबक वरून खाली फिरवत न्या आणि तो कुठे धरतो, कुठे सोडतो ते टिपून ठेवा.

लाकडी सांगाड्यात काय बिघडतं ते आत्ताच पाहून घ्या. आरसा धरून वरून मागे बघा: खुंट्यांची फळी आणि मागचे खांब यांच्या सांध्यात फट दिसते का? नखाची कड आत गेली तर तारांच्या ताणाने फळी पुढे ओढली जात आहे. असं वाद्य सुरात लावायचा प्रयत्न केला की एक बाजू लावेपर्यंत दुसरी उतरते, आणि फट वाढते ती वेगळीच. आधी फट बुजवून सांधा आवळणं, मग सूर.

हातोडी परत कशी येते

ग्रँडमध्ये हातोडी खालून वर तारेवर आदळते आणि स्वतःच्या वजनाने खाली पडते. उभ्या पियानोत ती आडवी, पुढून मागे जाते, वजन तिला परत आणत नाही. छोट्या पियानोचा सुरुवातीचा बराचसा इतिहास म्हणजे या एका अडचणीशी झटापट आहे.

ॲक्शनकडे बाजूने बघा. पट्टीच्या मागच्या टोकावरून एक लांब बारीक लाकडी काडी वर गेलेली असेल आणि ती वरच्या टोकाला चामड्याच्या बिजागरीने हातोडीला जोडलेली असेल, तर ही स्टिकर ॲक्शन. कॅबिनेट पियानोत ही काडी चांगली लांब असते, कॉटेजमध्ये आखूड. ही ॲक्शन बाहेर काढायच्या फंदात पडू नका. चामडं वाळलेलं असतं, एक काडी निसटली की बाजूच्या चार तुटतात.

त्याऐवजी प्रत्येक हातोडीच्या बुडापासून एक छोटी कापडी फीत खाली येऊन तारेच्या हुकावर अडकलेली दिसली, तर ती वॉर्नमच्या कामाची पुढची पायरी. १८२६ च्या पेटंटपासून तो या दिशेने होता आणि १८४२ च्या पेटंटमध्ये फितीची ॲक्शन पक्की झाली. पट्टी सोडली की खाली येणारा भाग फितीने हातोडीला मागे खेचतो आणि चेक नावाचा गोटा तिला झेलतो. प्लेयेलसारख्या फ्रेंच कारखान्यांनी ती उचलली, म्हणून इंग्लंडमध्येच तिला पुढे 'फ्रेंच ॲक्शन' म्हणू लागले. आजच्या उभ्या पियानोत हीच फीत आहे. म्हणजे फीत दिसली तर वाद्य जुनं की नवं ते ठरत नाही, पण स्टिकर दिसली तरी १८४२ च्या आधीचं असंही नाही. इंग्लंडमधले स्वस्त कॉटेज पियानो स्टिकरवर बराच काळ चालले.

फिती कुजल्या असतील तर तोच स्वर भरभर वाजवताना हातोडी तारेजवळ अडखळते. बदलताना शाबूत राहिलेल्या एखाद्या मूळ फितीची लांबी मोजून सगळ्या तेवढ्याच कापा. तपासायला सॉफ्ट पेडल दाबा: हातोड्या तारेकडे सरकतील, पण पट्ट्या जागच्या हलता कामा नयेत. हलल्या तर फिती आखूड झाल्या. एखाददुसरीच हलत असेल तर तिचा हुक किंचित हातोडीकडे वाकवा, फीत काढू नका.

डॅम्पर

हातोड्यांच्या वरच्या बाजूला डॅम्परची रांग आणि समोर डॅम्पर हलवणाऱ्या उभ्या बारीक सळ्यांचा पिंजरा दिसला तर ते ओव्हरडॅम्पर. सूर लावणारे याला पक्ष्याचा पिंजरा म्हणतात आणि वैतागतात, कारण तारांमध्ये पाचर घालायला वाट नसते. ध्वनीच्या दृष्टीनेही ही जागा वाईट. हातोडी आधीच तारेच्या वरच्या टोकाजवळ आदळते. डॅम्पर तिच्याही वर, म्हणजे तार जिथे कमीत कमी हलते तिथे बसतो. त्यामुळे पट्टी सोडल्यावरही खर्ज घुमत राहतो. डॅम्परचं फेल्ट बदलून हे थोडंच सुधारतं, पुरतं नाही. हातोड्यांच्या खाली, तारेच्या मधल्या भागाकडे बसणारे डॅम्पर ही नंतरची आणि चांगली रचना.

पट्ट्या मोजा

काळ्या-पांढऱ्या मिळून मोजा. ६८ पट्ट्या म्हणजे साडेपाच सप्तकं, अगदी सुरुवातीचं वाद्य. ७३ म्हणजे सहा सप्तकं, १८१० ते १८३० च्या दशकांतल्या कॉटेज पियानोंत नेहमीची. ७८, ८० आणि ८२ या मधल्या पायऱ्या. ८५ म्हणजे सात सप्तकं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र. ८८ पट्ट्या १८८० च्या दशकापासून रूढ होत गेल्या, तरी ८५ ची वाद्यं विसाव्या शतकातही निघत होती.

बारीक खुणा

हातोडीवर फेल्टऐवजी चामड्याचे थर असतील तर वाद्य लवकरचं. हातोडीवर फेल्ट वापरायचं पेटंट पापने १८२६ मध्ये घेतलं, पण बदललेल्या हातोड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. पांढऱ्या पट्टीवर, काळ्या पट्टीचं पुढचं टोक जिथे येतं त्या रेषेत आडवा बारीक सांधा आणि वरवर रेघारेघांची नक्षी असेल तर हस्तिदंत. अखंड, एकसारखा पिवळसर थर असेल तर सेल्युलॉइड, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा किंवा नंतरचा. हस्तिदंत निघालं तर वाद्य देशाबाहेर नेण्याआधी तिथले नियम पाहावे लागतील.

झाकणावर प्रदर्शनांची पदकं छापलेली असतात: लंडन १८५१, पॅरिस १८५५, लंडन १८६२, पॅरिस १८६७ वगैरे. सगळ्यात शेवटचं साल ही खालची मर्यादा, बस. पदक कारखान्याला मिळालेलं असतं आणि तो ते पुढे पन्नास वर्षं मिरवतो. 'मेड इन जर्मनी' असा इंग्रजी शिक्का असेल तर १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरचं समजायला हरकत नाही.

पेन्सिलीची तारीख शोधायची तर सगळ्यात डावीकडची आणि सगळ्यात उजवीकडची पट्टी अलगद उचलून त्यांच्या बाजू पाहा. कारागीर सही आणि तारीख बहुधा तिथेच टाकत. सूर लावणाऱ्यांनी आत लिहून ठेवलेल्या तारखाही मिळतात, आणि या वरची मर्यादा देणाऱ्या दुर्मिळ खुणा आहेत: वाद्य त्या दिवशी अस्तित्वात होतं.

१९३० च्या दशकातली बुटकी वाद्यं वेगळीच जात आहे. मीटरभर किंवा त्याहून कमी उंचीच्या अमेरिकन 'स्पिनेट'मध्ये ॲक्शन पट्ट्यांच्या पातळीखाली असते आणि पट्टीचं टोक तिला दांडीने वर ओढतं. १९३४ पासूनच्या ब्रिटिश मिनीपियानोत खुंट्या चक्क समोर, पट्ट्यांखाली असतात. नाव जुन्या हार्पसिकॉर्डच्या भावंडाचं असलं तरी स्पिनेटचा वॉर्नमच्या कॉटेजशी थेट संबंध नाही.

एक उदाहरण

समजा वाद्य ११८ सेंमी उंच आहे. तारा जमिनीपर्यंत, सगळ्या सरळ. खुंट्यांची फळी उघडी, खाली अर्धी बिडाची चौकट. फितीची ॲक्शन, ओव्हरडॅम्पर, ८५ पट्ट्या, सांध्याचं हस्तिदंत. झाकणावर लंडनच्या दुकानाचं नाव आणि १८६२ चं पदक, बाजूला मेणबत्त्यांचे हात. उजवीकडच्या शेवटच्या पट्टीवर काही नाही, पण आत एका बाजूला '९४' असं पेन्सिलने लिहिलेलं.

फीत १८४२ नंतर नेते, पदक १८६२ नंतर, ८५ पट्ट्या आणि अर्धी चौकट त्याला दुजोरा देतात. '९४' हा आकडा अनुक्रमांकाचा तुकडाही असू शकतो, म्हणून त्याच हस्ताक्षरात बाजूला सूर लावणाऱ्याची सही आहे का ते बघायचं. असेल तर वाद्य १८६२ ते १८९४ मधलं. नसेल तर फक्त "१८६२ नंतरचं, फार करून शतकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागातलं" एवढंच लिहायचं. मेणबत्त्यांचे हात हिशेबात धरायचे नाहीत.

सूर लावण्याआधी

वय कळलं की सूर कुठवर चढवायचा हेही कळतं. आजच्या पूर्ण बिडाच्या चौकटीवर तारांचा एकूण ताण १५ ते २० टन असतो. जुन्या लाकडी किंवा अर्ध्या चौकटीला तो पेलत नाही. ४४० हर्ट्झचा धैवत, म्हणजे मधल्या सप्तकातला ए, १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरला. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता, आणि इंग्लंडमध्ये त्या काळी काही ठिकाणी ४५० च्याही वर लावत. म्हणून जुनं वाद्य मुळात ४४० वरच होतं असं धरू नका. फोनवरच्या ट्यूनरने मधला ए मोजा. अर्ध्या श्रुतीपर्यंत उतरलेला असेल आणि खुंट्या घट्ट असतील तर हळूहळू, दोनतीन खेपांत चढवा. पूर्ण अर्धस्वर उतरलेला असेल, चौकट लाकडी असेल, किंवा किल्ली लावल्यावर खुंटी विरोध न करता फिरत असेल, तर आहे त्याच उंचीवर स्वर आपापसांत मिळवून घ्या आणि किल्ली बाजूला ठेवा.